रुखमाबाईची वही आणि चौदा लाल दाणे

रुखमाबाई मडावीला शेती शिकवायला मला पाठवलं होतं, या गोष्टीचं मला आजही हसू येतं. मी संघप्रिया, चिमूरची. वय तेव्हा सव्वीस, हातात कृषी पदविका आणि डोक्यात 'शाश्वत सोयाबीन' नावाच्या कार्यक्रमाची नियमपुस्तिका. जिवतीच्या डोंगरावरच्या मोहागुड्यात पहिल्या दिवशी मी शाळेच्या फळ्यावर लिहिलं, 'बांधावर तणनाशक फवारू नये.' समोर सत्तावीस घरांतली बायामाणसं बसली होती. त्यातली एक उंच, काटक, पन्नाशी ओलांडलेली बाई म्हणाली, बांधावर कशाला फवारायचं, तिथली भाजी मग खायची कोणी? मी पुढचा नियम लिहिला, 'जंगलाच्या कडेची पट्टी पेरू नये.' ती म्हणाली, ती पट्टी तर सशाची असते. सगळे हसले आणि मला राग आला. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

ती बाई रुखमाबाई. जंगलाला लागून चार एकर खडकाळ वावर, दोन बैल, आणि झाडू नावाचा नवरा. झाडूभाऊ दिवसाला दहा वाक्यं बोलत असेल, त्यातली सहा बैलांशी. लेकीचं लग्न झालेलं. गोंडांच्या त्या गावात आधी ज्वारी, तीळ, बरबटी व्हायची. सोयाबीन आलं ते पंधराएक वर्षांपूर्वी. बाजारातलं बी, बाजारातलं खत, बाजारातली फवारणी, असं सगळं खालून यायचं आणि पीकही तसंच खाली जायचं. आमचा कार्यक्रम आल्यावर त्यातलं पुष्कळ थांबलं. पण खरं सांगायचं तर त्यांनी आमचं ऐकलं म्हणून नव्हे, रुखमाबाईने ऐकायचं ठरवलं म्हणून थांबलं. गावाने तिला गटाची प्रमुख केलं, आणि मी मुकाट्याने फळा पुसला.

घरचं बी राखायचं तंत्र मी शिकवलं, एवढं श्रेय मात्र मी सोडणार नाही. सोयाबीनचं बी मऊ, पोत्यावर पोतं रचलं तरी मरतं. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवतात ते मोजायचं. सत्तर उगवले तर बी चांगलं. रुखमाबाई कोडीत मोजायची, म्हणजे वीस-वीसच्या हिशेबात. पहिल्याच वर्षी तिने मला दारात उभं करून सांगितलं, चार कोड्या आणि वर दोन. म्हणजे ब्याऐंशी. नियमपुस्तिकेतल्या फोटोतले सुद्धा तेवढे उगवले नव्हते.

आणि तिची वही. कार्यक्रमात प्रत्येक घराला एक वही असते. पेरणी कधी, बी कुठलं, निंदण कधी, फवारणी केली का, सगळं त्यात लिहायचं. बहुतेक घरांत ती वही मी गेल्यावर उघडायची आणि मी सांगेन तसं लिहिलं जायचं. रुखमाबाई साक्षरता वर्गात अक्षरं शिकली होती. काना-मात्रा तिच्या मर्जीनुसार येत-जात, पण रोजचं रोज लिहायची. एकदा मी वाचलं: 'आज झाडू रुसला. निंदण नाही.' मी तिला झापलं, की यात फक्त शेतीचं लिहायचं असतं. ती म्हणाली, निंदण झालं नाही ते त्याच्याच पायी, मग हे शेतीचं कसं नाही? झाडूभाऊ बैलाकडे बघत राहिला.

या वह्यांना एवढं महत्त्व कशाला, ते सांगते. नागपूरची एक कंपनी आमच्या गटाचं सोयाबीन घ्यायची. त्याचं दूध आणि पनीर करायची, आणि लहान लेकरांच्या खाण्यातही ते जायचं. त्यामुळे कुठलं पोतं कुठल्या वावरातलं, त्या वावरात काय पडलं, हे त्यांना माहीत हवं असायचं. त्यांच्याकडून प्रवीण नावाचा माणूस यायचा. तो कमी बोलायचा आणि वावरात वाकून माती हातात घ्यायचा, म्हणून गावाला आवडायचा. भाव बाजारापेक्षा थोडा बरा मिळे. पण गावाला त्याहून मोठी गोष्ट वाटायची ती ही, की त्यांचा ट्रक घाट चढून वर यायचा आणि शाळेच्या पटांगणात, बायांच्या डोळ्यांदेखत काटा लागायचा. त्याआधी भाड्याच्या गाडीतून पोती खाली न्यावी लागत. तिथे व्यापारी एक दाणा दाताखाली धरून 'ओला आहे' म्हणे आणि मग त्याच्या मनाला येईल तो भाव. पोती परत वर न्यायचं भाडं कोणाकडे नसायचं, हे त्याला ठाऊक असे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्या वर्षाकडे येते.

मोहागुड्यात पेरणीआधी विज्जाचा दिवस असतो. विज्जा म्हणजे बी. प्रत्येक घर आपल्या बियातली एक मूठ आकीपेनच्या, म्हणजे गावदेवाच्या ठाण्यापाशी आणतं. तिथे सगळ्या मुठींचा एक ढीग होतो. बिरजू देवारी पूजा करून तो ढीग हाताने कालवतो आणि प्रत्येक घराला त्यातली एक मूठ परत देतो. ती मूठ आपल्या बियात मिसळून मगच पेरायला लागायचं. कोणाच्या घरचं कोणाच्या वावरात उगवतं, ते कोणी विचारत नाही. विचारू नये म्हणूनच तर ढीग करतात. सोयाबीन या ढिगात घ्यायचं की नाही यावर पूर्वी वाद झाला होता, कारण ते परकं बी. तेव्हा रुखमाबाईच म्हणाली होती की ज्याच्यावर पोट चालतं ते देवापासून काय लपवायचं. तेव्हापासून सोयाबीनचाही ढीग होतो.

त्या वर्षी कोलू परत आला होता. तो दोन वर्षं बायकोसह तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. घरात राखलेलं बी नाही, गटात नाव नाही. त्याने बाजारातून पिशवी आणली, लाल औषध लावलेलं बी. विज्जाच्या दिवशी सगळ्यांसारखी त्यानेही आपली मूठ ढिगात टाकली. दोन वर्षांनी आपल्या देवापाशी आला होता बिचारा, त्याला कोण थांबवणार? देवारीने ढीग कालवला आणि मुठी वाटल्या. सगळ्यांना ते लाल दाणे दिसले. पण देवाच्या हातचं निवडत नाहीत. तांदळातला खडा काढावा तसे चार दाणे काढून टाकणं एवढंच काम होतं, आणि तेवढंच काम त्या गावात एकालाही करवलं नाही.

मी त्या दिवशी गावात नव्हते. सप्टेंबरात, प्रवीणभाऊंच्या तपासणीला आठ दिवस उरले असताना मी वह्या चाळायला बसले. सव्वीस वह्यांत 'बियाणे' या रकान्यात 'घरचे' लिहिलेलं होतं. सत्ताविसावी रुखमाबाईची. तिच्यात लिहिलं होतं: 'घरचे. आणि आकीपेनच्या ढिगातली मूठ. तिच्यात लाल दाणे चौदा.'

मी कोलूच्या घरी जाऊन रिकामी पिशवी बघितली. त्या लाल औषधाचं नाव आमच्या बंदीच्या यादीत दुसऱ्या पानावर होतं.

मी रुखमाबाईच्या अंगणात जाऊन जे बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. तिला अडाणी म्हणाले, एवढं कबूल करते. मग आवाज खाली आणून सांगितलं की वही नवी देते, बाकीचं जसंच्या तसं उतरवून काढ, फक्त ही एक ओळ नको. बाकी कोणाच्या वहीत हे नाही. चौदा दाणे म्हणजे काहीच नाही. गावाचा ट्रक परत जाईल तुझ्या एका ओळीपायी. दर रविवारी विहारात बसून खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणणारी मी, एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईला खोटं लिहायला शिकवत होते. त्या वेळी मला ते जाणवलंसुद्धा नाही. मला फक्त ट्रक दिसत होता.

ती शेंगा हाताळत बसली होती.

"पान फाडल्यानं वावरातले दाणे तं नाई निंगत, पोरी," ती म्हणाली. "अन् लेकरायच्या पोटात जाते म्हणते तो प्रवीणभाऊ. त्याले मालूम नको का?"

गावात बैठक बसली. देवारी म्हणाला, विज्जा आमची आणि देवाची गोष्ट, तिच्यात कंपनीचं काय काम? कोणी सुचवलं की रुखमाबाईने स्वतःच बाजारातून बी आणलं असं सांगावं, म्हणजे तिचं एकटीचं जाईल आणि गाव वाचेल. कोलू कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. रुखमाबाई एवढंच म्हणाली की माझं एकटीचं जात असेल तर जाऊ द्या, पण मी बाजारातून आणलं असं म्हणणार नाही, कारण आणलं नाही. बैठक उठली तेव्हा तिच्याशी कोणी बोललं नाही. मीही नाही.

तपासणीच्या दिवशी मी एक हुशारी केली. प्रवीणभाऊ सत्तावीसपैकी सहाच वह्या काढून बघायचे, हे मला माहीत होतं. मी गठ्ठा लावला आणि रुखमाबाईची वही सगळ्यात खाली ठेवली. त्यांनी वरून, मधून अशा सहा उचलल्या. तिची आली नाही. ते वह्या बघत गेले, मधूनमधून प्रश्न विचारत गेले, शेवटची वही मिटली आणि पेनाला टोपण लावलं. शाळेच्या त्या खोलीत सगळ्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले.

रुखमाबाई उठली. गठ्ठ्याखालून स्वतःची वही ओढून काढली, पान शोधलं आणि त्यांच्यापुढे धरलं. मग त्यांना वाचू न देता स्वतःच ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. वाचताना ती दोनदा अडखळली.

प्रवीणभाऊंनी विचारलं, ढीग कोणाकोणाचा होता?

"साऱ्या गावाचा," ती म्हणाली.

कोलू दारात उभा होता. तो तिथूनच म्हणाला, "मीनं टाकलं जी. मले मालूम नोतं."

प्रवीणभाऊ रागावले नाहीत, हे मला जास्त लागलं. त्यांनी एकेकाला विचारलं, ती मूठ तुमच्या वावरात कुठे पडली? पूर्वीच्या रीतीने देवाच्या मुठीचं बी थोड्या घरच्या बियात मिसळून पहिली तीन तासं, म्हणजे ओळी, हाताने पेरत आणि मग तिफण धरत. ही रीत आता सातच घरांत उरली होती, त्यात रुखमाबाईचं घर. त्यांना ती तासं बोटाने दाखवता येत होती. उरलेल्या वीस घरांनी यंदा भाड्याचा ट्रॅक्टर लावला होता आणि मूठ थेट पेरणीयंत्राच्या पेटीत गेली होती. ते लाल दाणे वावरभर कुठेही गेले असतील. त्यांनी ते खरं सांगितलं. एकाने सांगितल्यावर दुसऱ्याला खोटं सांगता आलं नाही.

निकाल असा लागला: सात घरांनी पहिली तासं वेगळी कापायची, बाकीचं कंपनी घेईल. वीस घरांचं यंदा घेता येणार नाही. पुढच्या वर्षी त्यांना गटात यायचं असेल तर बी खात्रीचं हवं. आणि सात घरांच्या पोत्यांसाठी ट्रक घाट चढणार नाही, लहान गाडी येईल.

म्हणजे वही जिने दाखवली तिचं वाचलं, आणि ज्यांनी शेवटी खरं सांगितलं त्या वीस घरांचं गेलं. त्या संध्याकाळी मी गावातून निघाले तेव्हा रुखमाबाई दारात उभी होती. मी मान वळवून निघून आले. ते आठवलं की अजून लाज वाटते.

सोयाबीनची कापणी थांबत नाही. शेंगा वाळल्या की चार-पाच दिवसांत कापावं लागतं, नाहीतर उन्हात तडकून दाणे मातीत पडतात. मोहागुड्यात बाया एकमेकींच्या वावरात पाळीपाळीने जातात. आज हिच्या, उद्या तिच्या, मजुरी कोणी कोणाला देत नाही. रुखमाबाईची पाळी आली त्या दिवशी कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला हे देवारीकडून कळलं, आणि ते सांगताना तोही माझ्याकडे बघत नव्हता. तिसऱ्या दिवशी मी विळा घेऊन गेले. मी शेती शिकवते, कापणी कधी केली नव्हती. दुपारपर्यंत माझ्या तळहाताला फोड आले. पुढे झाडूभाऊ आणि ती, दोघंही वाकलेली. चालताना पायाखाली तडकलेल्या शेंगांचे दाणे रुतत होते. मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, खाली धरून काप, वरून नाही. एवढंच बोलली.

दुपारनंतर कोलू आणि त्याची बायको रंजीता आली. काही न विचारता बाजूच्या ओळीला लागली. बाकी गाव आलं नाही. आम्ही पाच जणांनी चार दिवसांत कापलं. मळणी होऊन तेरा पोती भरली. चांगलं वर्ष असतं तर सोळा-सतरा व्हायची. पहिल्या तीन तासांचं तिने वेगळ्या गोणीत भरलं आणि तोंड बांधून बाजूला ठेवलं. त्या तेरा पोत्यांच्या भरवशावर तिला घरावर नवे टिन घालायचे होते. ती हे कधी बोलली नव्हती, मला झाडूभाऊने सांगितलं. त्या दिवशीच्या त्याच्या दहा वाक्यांतलं ते एक असावं.

प्रवीणभाऊंची लहान गाडी आली तेव्हा पटांगणात काटा लागला. सहा घरांची पोती आली. वीस घरांतले लोकही येऊन उभे होते, काम नसताना. गेल्या वर्षी याच काट्यावर त्यांची पोती चढली होती. चार दिवसांनी त्यांना यंदाची पोती भाड्याच्या गाडीत घालून खाली न्यायची होती.

रुखमाबाई रिकाम्या हाताने आली. प्रवीणभाऊंनी विचारलं, पोती कुठे? त्यांना वाटलं बैलगाडी मागून येते आहे. तिने उलट त्यांनाच विचारलं की तुम्ही मागे म्हणालात खात्रीचं बी, ते कसं असावं लागतं? त्यांनी समजावून सांगितलं: ज्या वावरातलं घेतो आहोत, त्या वावरातलं बी चालेल. तिने पुन्हा विचारलं, माझ्या वावरातलं चालेल? ते म्हणाले, तुमचं तर आधी चालेल.

"मंग माह्यावालं नाई विकाचं," ती म्हणाली. "ते वीस घरायचं बी हाय. इथीच राह्यते."

प्रवीणभाऊंनी तिला सांगून पाहिलं की एवढं बी राखणं सोपं नाही. तेरा पोती जमिनीपासून वर, वाऱ्याशी, एकावर एक न रचता ठेवायची, म्हणजे राहतं घर अर्धं भरून जाईल, आणि पैसा जूनपर्यंत दिसायचा नाही. ती हो म्हणाली. तिने याला विचारलं का, अशा नजरेने कोणीतरी झाडूभाऊकडे बघितलं. झाडूभाऊ म्हणाला, मीच रात्री पोत्यांखाली लाकडं लावली.

गाडी सहा घरांची पोती घेऊन घाटाकडे वळली आणि लोक पांगले. मी तिच्यामागून तिच्या घरी गेले. खरंच ओसरीपासून चुलीपर्यंत पोती उभी होती, मधे चालायला बोटभर जागा. ती गोणपाट भिजवून बसली आणि मला दाणे मोजायला लावले. हे पेरणीच्या आधी करायचं असतं, आत्ता कशाला, असं मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही. मोजू लागले. आपली कुठलीही गोष्ट एवढ्या लोकांच्या हवाली मला करता आली नसती, हे मी मोजता मोजता स्वतःशी कबूल केलं.

पाच कोड्या मोजून होतात तोच दारात सावली पडली. मागच्या गल्लीतली एक बाई होती, त्या वीस घरांतली, कापणीला न आलेली. तिच्या हातात रिकामी टोपली होती. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. बी मागायचं तर आत्ता ऑक्टोबरात कोणी मागत नाही. ती जूनची गोष्ट.

रुखमाबाईने तिच्याकडे आणि टोपलीकडे बघितलं. विचारलं, किती लागेल?

ती बाई रडायला लागली. म्हणाली, बी न्यायला नाही आले. घर भरून गेलं म्हणतात तुझं. तुझी भांडीकुंडी, चूल माझ्याकडे मांड जूनपर्यंत, ते न्यायला आले.